कृत्रिम खुबा आणि त्याभोवतीचे हाड

मराठीत हाडाविषयी जे वाक्प्रचार रूढ आहेत ते पाहिले, तर हाड म्हणजे मनुष्यदेहातील सर्वांत पक्की व न बदलणारी वस्तू, असाच आपल्या पूर्वजांचा समज असावा असे दिसते. पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या शत्रुत्वाला आपण हाडवैर म्हणतो. एखादी खोड कायमची जडली, म्हणजे ती हाडीमाशी खिळली असे म्हणतो. शिकविण्यावाचून ज्याला दुसरे काही सुचत नाही तो हाडाचा शिक्षक होय. आणि निरोपसमारंभांतून हे विशेषण इतक्या जणांना बहाल केले जाते, की अखेरीस त्यात हाड किती व मांस किती याचा विचार पडावा! आम्ही कोंकणी बोलत वाढलो. आमच्या घरीही हाडाला हाडच म्हणत, आणि त्याविषयीचा समजही हाच होता.

शरीरशास्त्र मात्र याच्या अगदी उलट सांगते. हाड ही देहातील अत्यंत चंचल वस्तूंपैकी एक आहे. हाडे खाणाऱ्या पेशी व हाडे रचणाऱ्या पेशी अशा दोन टोळ्या आपल्या सांगाड्यात अहोरात्र राबत असतात. पहिल्या जुने हाड विरघळवितात व दुसऱ्या त्या जागी नवे भरतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दर वर्षी अशा रीतीने नवा होतो. या दोन टोळ्यांना काम वाटून देणारी तिसरी एक जात आहे. हाडाच्या आतच सूक्ष्म कोनाड्यांत कोंडून बसलेल्या या पेशी बारीक तंतूंनी एकमेकींशी जोडलेल्या असतात. हाडावर भार पडून ते किंचित लवले की त्यांना ते कळते. आणि जेथे लवणे अधिक तेथे भर घाला, जेथे मुळीच नाही तेथले काढून न्या, असा जणू त्यांचा हुकूम सुटतो. ज्या विषयाकडे आम्हाला विद्यार्थ्यांचे लक्ष वेधावयाचे आहे त्याचे मूळ या हुकमात आहे. खुब्याचा सांधा झिजला म्हणून तो काढून त्या जागी धातूचा बसविला, म्हणजे त्या धातूभोवतीच्या जिवंत हाडाचे पुढे काय होते, हा तो विषय होय.

आम्ही भाषा व इतिहास शिकविणारे. शस्त्रवैद्यकात आमचा अधिकार नाही. परंतु हल्ली आपल्या गावांतून अशी शस्त्रक्रिया झालेले आजी-आजोबा जागोजाग भेटतात, आणि त्यांची नातवंडे आमच्या वर्गात बसतात. 'हाडात लोखंड बसविले म्हणजे हाड जास्त बळकट होत असेल, नाही का गुरुजी?' असा प्रश्न त्यांच्याकडून येतो. प्रश्न वाजवी आहे, आणि त्याचे उत्तर 'होय' असे नाही.

आधी सांध्याची रचना पाहू. कमरेच्या हाडात एक खोल वाटी असते. मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असून ते त्या वाटीत फिरते. उखळात मुसळाचे टोक फिरावे तसे ते फिरत असल्यामुळे त्याला उखळीचा सांधा म्हणतात. हा गोळा मांडीच्या हाडाच्या सरळ रेषेत नसतो. एका तिरप्या मानेवर तो आतल्या बाजूला झुकलेला असतो, आणि येथेच सगळी मौज आहे. एका पायावर उभे राहिले असता शरीराचा भार सांध्याच्या आतल्या बाजूने खाली ओढतो, आणि देह त्या बाजूला कलंडू नये म्हणून बाहेरच्या बाजूचे स्नायू जोराने ओढून धरतात. जणू एक तराजूच, परंतु दोन्ही दांड्या सारख्या नसलेला! माणसाचे वजन ६० किलो धरू. एक पाय जमिनीवर टेकलेला, तेव्हा त्या सांध्यावरचा उरलेला देह सुमारे ५० किलो. देहाच्या भाराची दांडी स्नायूंच्या दांडीच्या दुप्पट लांब असेल, तर तोल सांभाळण्यास स्नायूंना १०० किलोंच्या जोराने ओढावे लागेल. सांध्यावर दोन्ही भार मिळून १५० किलो पडतील, म्हणजे माणसाच्या वजनाच्या अडीचपट. जर्मनीत काही रुग्णांच्या कृत्रिम सांध्यांतच भारमापक यंत्रे बसवून प्रत्यक्ष मोजणी झालेली आहे. साध्या चालण्यातही असाच सुमारे अडीचपट भार तीत आढळला.

हा भार मांडीच्या हाडाने कसा पेलावा? हाड उभे कापून पाहिले, तर त्याची दांड्यातील भिंत घट्ट व भरीव दिसते, परंतु वरच्या टोकात मात्र बारीक तुळयांचे एक जाळे आढळते. इ. स. १८६६ मध्ये झुरिच येथे हेर्मान फोन मायर नावाच्या शरीररचनाशास्त्रज्ञाने असे कापलेले हाड एका सभेत मांडले होते. त्या सभेस कार्ल कुलमान नावाचे स्थापत्यशास्त्राचे प्राध्यापक हजर होते. पूल व यारी यांच्या लोखंडी सांगाड्यांत ताण व दाब कोणत्या रेषांनी वाहतो, याच्या आकृत्या काढण्याची पद्धत त्यांनी बसविली होती. मायरच्या हाडातील तुळया अगदी त्याच रेषांनी चाललेल्या पाहून ते थक्क झाले, अशी हकीगत आहे. मुरगावच्या धक्क्यावर वाकड्या मानेची यारी ज्यांनी पाहिली असेल, त्यांना मांडीच्या हाडाचे वरचे टोक व ती यारी यांतील साम्य सहज कळेल. याच कुलमान यांचा मोरिस केश्लँ नावाचा शिष्य पुढे पॅरिसच्या आयफेल मनोऱ्याच्या मुख्य आखणीकारांपैकी एक झाला. त्यावरून 'मनोरा हाडावरून सुचला' असे सांगणारे पुष्कळ आहेत. त्यात गोष्टीची गोडी आहे, पुराव्याचे बळ नाही.

बर्लिनचे शस्त्रवैद्य युलियस वोल्फ यांनी या निरीक्षणाला नियमाचे रूप दिले. १८९२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाचे सार असे, की हाडावरचा भार बदलला, म्हणजे त्याची आतली रचना व पुढे बाहेरचा आकारही त्या भाराला अनुरूप असा बदलतो. वोल्फ यांनी मांडलेले गणित पुढे जसेच्या तसे टिकले नाही. त्यांचा मुख्य सिद्धांत मात्र आजही 'वोल्फचा नियम' या नावाने ओळखला जातो. टेनिस खेळणाऱ्या कसलेल्या पुरुष खेळाडूंच्या खेळत्या दंडातील हाडाची भिंत दुसऱ्या दंडापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने जाड असल्याचे १९७७ मध्ये क्ष-किरणांनी मोजून दाखविण्यात आले. उलटपक्षी, अंतराळात ज्यांच्या पायांवर भारच पडत नाही अशा अंतराळवीरांच्या खुब्याच्या हाडातील खनिजे महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटतात. हाड हे असे रोजंदारीवरचे आहे. काम नाही तर वेतन नाही.

आता धातूच्या खुब्याकडे वळू. बर्लिनमध्येच १८९१ च्या सुमारास थेमिस्टोक्लेस ग्लुक यांनी हस्तिदंताचा सांधा बसवून पाहिला होता. लंडनमध्ये १९३८ साली फिलिप वाइल्स यांनी पोलादी गोळा व पोलादी वाटी वापरली. हे सारे प्रारंभीचे प्रयत्न होत. शस्त्रक्रियेला खरे स्थैर्य आले ते इंग्लंडातील लँकेशायर परगण्यात, रायटिंग्टन येथील एका जुन्या क्षयरोग रुग्णालयात, जॉन चार्नली यांच्या हातून. पोलादाचा लहानसा गोळा एका लांब दांड्यावर बसवावयाचा, तो दांडा मांडीच्या हाडाच्या पोकळीत रोवावयाचा, आणि कमरेच्या हाडात घसरट पदार्थाची वाटी बसवावयाची, अशी त्यांची योजना होती. दांडा पक्का बसावा म्हणून त्यांनी दंतवैद्य वापरतात त्या जातीचे अ‍ॅक्रिलिक सिमेंट भोवती भरले. हे सिमेंट सरसाप्रमाणे चिकटत नाही. गवंडी दगडांच्या फटींत चुना दाबून भरतो, तसे ते हाडाच्या खाचाखोचांत शिरून घट्ट होते.

वाटीसाठी चार्नली यांनी प्रथम टेफ्लॉन निवडले. १९५८ पासून पुढे सुमारे तीनशे रुग्णांत त्यांनी ते बसविले. रुग्ण वेदनामुक्त होऊन चालू लागले. सर्वत्र वाहवा झाली. परंतु दोन-तीन वर्षांतच वाट्या झिजून त्यांत खोल खळगे पडले, आणि झिजेच्या कणांभोवती सुजेचे गोळे साठून हाड कुरतडले गेले. ज्यांना आपण चालते केले तेच लंगडत परत येत आहेत, हे चार्नली यांना प्रत्यक्ष पाहावे लागले. त्या रुग्णांच्या पुन्हा शस्त्रक्रिया त्यांनी स्वतः केल्या. टेफ्लॉनचे कण शरीरात काय करतात हे पाहण्यासाठी त्यांनी ते स्वतःच्या मांडीत टोचून घेतले, आणि तेथे उठलेल्या गाठींचा वृत्तांत वैद्यकीय पत्रात प्रसिद्ध केला.

याच सुमारास, १९६२ साली, यंत्रमागांची प्लास्टिकची दंतचक्रे विकणारा एक फिरता विक्रेता रायटिंग्टनला आला. त्याच्यापाशी दाट पॉलिथिलीनचा एक तुकडा होता. चार्नली यांनी तो नखाने ओरखडून पाहिला व नापसंत केला. ते परगावी गेले असता त्यांचे यंत्रकार हॅरी क्रेव्हन यांनी मात्र तो तुकडा घासून पाहण्याच्या यंत्रावर चढविला, आणि यंत्र अहोरात्र चालू ठेवले. तीन आठवड्यांत त्या तुकड्याची जेवढी झीज झाली तीहून अधिक झीज टेफ्लॉनची एका दिवसात होत असे. परत आल्यावर चार्नली यांनी मत बदलले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात पॉलिथिलीनची पहिली वाटी बसविली. आम्हाला या सगळ्या इतिहासात क्रेव्हन यांचे ते तीन आठवडे फार मोलाचे वाटतात. वरिष्ठाने टाकून दिलेली वस्तू यंत्रावर चढवून पाहण्याएवढे धैर्य प्रत्येक प्रयोगशाळेत असतेच असे नाही.

चार्नली यांनी आपल्या रुग्णांकडे आणखी एक मागणे केले. मृत्यूनंतर तो खुबा, भोवतालच्या हाडासह, तपासणीस मिळावा. कित्येकांनी आनंदाने संमती दिली. पुढे अमेरिकेतही अशा दानातून मिळालेली हाडे तपासली गेली, आणि एकाच माणसाचे धातू बसविलेले व न बसविलेले अशी दोन्ही बाजूंची मांडीची हाडे शेजारी ठेवून तुलना झाली. धातूच्या बाजूचे हाड विरळ झालेले होते, कोठे थोडे तर कोठे निम्म्यापर्यंत.

असे का व्हावे? वर्गातच करून पाहण्यासारखा एक प्रयोग सांगतो. दोन फळ्यांच्या मध्ये सारख्या उंचीचा एक लाकडी ठोकळा व एक स्पंजाचा तुकडा शेजारी शेजारी ठेवावा, आणि वरून हाताने दाबावे. स्पंज जवळजवळ चेपलाच जात नाही. सारा भार लाकडावर जातो. एकत्र भार वाहणाऱ्या दोन वस्तूंत जी अधिक ताठ ती अधिक भार घेते, असा हा नियम आहे. हाडाच्या भरीव भिंतीचा ताठपणा एक मानला, तर टायटॅनियमच्या मिश्रधातूचा सहा-सातपट व कोबाल्ट-क्रोमचा बारा-तेरापट भरतो. हाडाच्या पोकळीत असा दांडा रोवला म्हणजे गोळ्यावर येणारा भार वरच्या हाडात न उतरता दांड्यातूनच खाली जातो, आणि खालच्या टोकाजवळ तो हाडाला मिळतो. पूर्वी जो भार मानेच्या बुडाशी आतल्या बाजूची जाड भिंत पेलीत होती, तो आता तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. कोनाड्यांतल्या पेशींना लवणे जाणवत नाही, आणि काम नाही तर वेतन नाही हा हुकूम सुटतो. शस्त्रवैद्य याला 'स्ट्रेस शील्डिंग' म्हणतात. मराठीत भाराआड हा शब्द आम्ही सुचवितो. घराआड, डोंगराआड तसे हे हाड धातूच्या आड, भारापासून दूर राहते.

दांड्याच्या जाडीचा हिशेबही विद्यार्थ्यांनी करून पाहावा. भरीव गोल दांड्याचा वाकण्याला होणारा विरोध त्याच्या व्यासाच्या चतुर्थ घाताप्रमाणे वाढतो. १२ मिलिमीटरऐवजी १६ मिलिमीटर जाडीचा दांडा घेतला, तर जाडी एक तृतीयांशानेच वाढली, परंतु ताठपणा तिपटीहून अधिक झाला. जाड दांड्याभोवतीचे हाड अधिक विरळ होते, असे रुग्णांच्या पाहणीत पूर्वीच दिसून आले होते. त्याचे कारण या साध्या गणितात सापडते.

हा ऱ्हास मोजावा कसा? नुसत्या क्ष-किरणचित्रात तो लवकर दिसत नाही. हाडातील सुमारे तीस टक्के खनिज गेल्यावाचून चित्र पाहणाऱ्या डोळ्याला फरक जाणवत नाही. १९८७ च्या सुमारास दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे क्ष-किरण वापरणारे यंत्र प्रचारात आले. मांस व हाड हे त्या दोन किरणांना वेगवेगळ्या प्रमाणात अडवितात. म्हणून वजाबाकीने नुसत्या हाडाची घनता काढता येते. धातूची छाया गणनेतून वगळण्याचीही सोय झाली. मात्र पहिली मोजणी शस्त्रक्रियेनंतर थोड्याच दिवसांत करून ठेवावी लागते. नाहीतर पुढच्या मोजण्यांची तुलना करावयाची कशाशी? शिवाय दर खेपेस पाय त्याच कोनात ठेवावा लागतो. पाय जरा आत-बाहेर वळला की हाड कमी-अधिक जाड दिसून आकडा फसवितो.

दांड्याभोवतीचे हाड मोजण्यासाठी त्याचे सात विभाग पाडतात. १९७९ मध्ये टॉमस ग्रुएन या अमेरिकन संशोधकाने सहकाऱ्यांसह ते सुचविले. बाहेरच्या बाजूने वरून खाली एक, दोन, तीन. दांड्याच्या टोकाखाली चार. आणि आतल्या बाजूने वर चढत पाच, सहा, सात. सातवा विभाग म्हणजेच मानेच्या बुडाशी असलेली ती आतली जाड भिंत, आणि सर्वांत अधिक हानी होते ती येथे. सिमेंटावाचून बसविलेल्या दांड्यांच्या कित्येक पाहणींत पहिल्या वर्षातच या विभागाची घनता दहा ते पंचवीस टक्क्यांनी उतरलेली आढळते. तीही एकसारखी उतरत नाही. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत घट झपाट्याने होते. तिला भाराआडाबरोबर दुसरीही कारणे असतात. शस्त्रक्रियेत हाडाची पोकळी कानशीने घासलेली असते, तेथील रक्तपुरवठा दुखावलेला असतो, आणि रुग्ण त्या पायावर बेताबेतानेच भार टाकीत असतो. पुढे चालणे वाढले की खालच्या विभागांतील हाड बरेचसे भरून येते. सातव्यातले मात्र सहसा परत येत नाही. दोन वर्षांनंतर बहुधा स्थिरता येते, आणि मग वयोमानाप्रमाणे जी मंद घट सर्वांचीच होते तेवढी चालू राहते. कमरेच्या बाजूलाही, वाटीच्या मागे, काहीसा असाच प्रकार घडतो.

ज्यांची हाडे मुळातच विरळ त्यांच्यात ही हानी अधिक प्रमाणात होते, असे त्या दान मिळालेल्या हाडांच्या तुलनेत दिसले. उतारवयातील स्त्रियांना याचा त्रास विशेष. शस्त्रक्रियेची गरज अनेकदा ज्यांना पडते, त्यांचीच हाडे धातूला पारखी होतात, हा या विषयातील कठीण भाग होय.

येथे एक चुकीची समजूत दूर केली पाहिजे. हाड विरळ झाले म्हणजे शस्त्रक्रिया फसली असे मुळीच नव्हे. किंबहुना भाराआड होण्यासाठी दांडा हाडात पक्का बसलेला असावा लागतो. हलणारा दांडा भार नीट वाहून नेऊ शकत नाही. अशी विरळ हाडे घेऊन वर्षानुवर्षे निर्वेध चालणारी माणसे असंख्य आहेत. 'लॅन्सेट' या प्रसिद्ध वैद्यकीय पत्राने २००७ साली खुबा बदलण्याच्या शस्त्रक्रियेला शतकातील शस्त्रक्रिया असे म्हटले, ते उगाच नव्हे. त्याच पत्रात २०१९ मध्ये आलेल्या गणनेप्रमाणे असे सांधे बसविलेल्यांपैकी शेकडा ५८ जणांचे सांधे पंचवीस वर्षांनंतरही कामात होते. धोका आहे तो दोन प्रसंगी. म्हातारा माणूस पडला, तर विरळ हाड धातूच्या कडेने मोडण्याची भीती असते. आणि उरलेल्या बेचाळीस जणांप्रमाणे पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली, तर नवा दांडा रोवण्यास पुरेसे हाडच शिल्लक नसते. चाळिशी-पन्नाशीत शस्त्रक्रिया झालेल्यांच्या बाबतीत हा दुसरा प्रश्न फार खरा आहे. कारण त्यांना सांध्याहून अधिक वर्षे जगावयाचे असते.

वाटीच्या झिजेने होणारी हाडाची हानी ही याहून निराळी गोष्ट आहे, आणि दोहोंची गल्लत होता कामा नये. झिजेचे अतिसूक्ष्म कण शरीरातील भक्षक पेशी गिळतात. त्यांना ते पचत नाहीत. मग त्या चवताळून हाडे खाणाऱ्या पेशींना चेतवितात, आणि हाडात पोकळ्या पडतात. एके काळी या प्रकाराचे खापर सिमेंटावर फोडले जाई. सिमेंट न वापरलेल्या सांध्यांतही पोकळ्या दिसू लागल्या, तेव्हा तो आरोप मागे घ्यावा लागला. गेल्या शतकाच्या अखेरीस किरणोत्साराने अधिक चिवट केलेले पॉलिथिलीन आल्यापासून हे संकट पुष्कळ ओसरले आहे. भाराआड मात्र झिजेवाचूनही होतो.

मग धातूच मऊ का करू नये, असे कोणी विचारील. तसे करून पाहिले गेले आहे. १९७० नंतरच्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये प्लास्टिकचे आवरण असलेले, हाडाइतकेच लवचिक दांडे बनविण्यात आले. कल्पना सुंदर होती. परंतु लवणारा दांडा हाडाच्या भिंतीवर घसरू लागला. हाडाने त्याला धरलेच नाही, आणि पुष्कळ दांडे सैल झाले. ताठ दांडा पक्का बसतो पण हाड उपाशी ठेवतो. लवचिक दांडा हाडाला काम देतो पण स्वतः टिकत नाही. या पेचातून आजपर्यंत पूर्ण सुटका झालेली नाही. टायटॅनियमचा एक गुण मात्र उपयोगी पडला. १९५२ च्या सुमारास स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क यांना सशांच्या हाडावर प्रयोग करताना आढळले, की हाड या धातूला घट्ट बिलगून वाढते. म्हणून दांड्याचा फक्त वरचा भाग खडबडीत ठेवून हाडाने त्याला तेथेच धरावे, भार वरच उतरावा, आणि खालचा भाग गुळगुळीत व बारीक असावा, अशी रचना पुष्कळ ठिकाणी होते. आखूड दांडेही याच हेतूने निघाले आहेत.

सिमेंटवाल्यांच्या मार्गात एक गमतीची गोष्ट घडली. इंग्लंडातील एक्सेटर येथे रॉबिन लिंग हे शस्त्रवैद्य व क्लाइव्ह ली हे अभियंते यांनी १९७० मध्ये पाचरीच्या आकाराचा, चकचकीत घासलेला दांडा काढला. पुढे १९७६ मध्ये त्याची चकाकी काढून पृष्ठभाग मंद ठेवण्यात आला. खडबडीत वस्तू सिमेंटात अधिक धरेल असे कोणालाही वाटेल! प्रत्यक्षात त्या दांड्यांत बिघाड वाढले, आणि १९८६ मध्ये पुन्हा चकाकीवर यावे लागले. गुळगुळीत पाचर सिमेंटात मिलिमीटरभर खाली सरकते व घट्ट होते. लाकडाच्या फटीत पाचर जशी चोहोबाजूंनी दाबते, तशी ती सिमेंटामार्फत हाडाला दाबते. हाडाला दाब मिळतो, म्हणजे कामही मिळते.

औषधांचाही उपयोग पाहण्यात आला आहे. हाडे खाणाऱ्या पेशींना आवरणारी जी औषधे ठिसूळ हाडांच्या विकारात देतात, ती शस्त्रक्रियेनंतरच्या महिन्यांत दिल्यास दांड्याभोवतीची घट कमी होते, असे तुलनात्मक प्रयोगांत दिसले आहे. सरसकट सर्वांना ती देण्याची पद्धत मात्र नाही. ते ठरविणे वैद्यांचे काम आहे.

चालणे हे या बाबतीत औषधाच्या बरोबरीचे आहे, कारण भारावाचून हाड भरत नाही. वैद्याने जेवढे सांगितले तेवढे चालावयाचे. आणि सुरुवातीस काठी घ्यावयाची ती दुखऱ्या पायाच्या बाजूच्या हातात नव्हे, तर उलट बाजूच्या हातात. घरोघर हे उलटे होताना आम्ही पाहतो. आपला मघाचा तराजू पुन्हा घेऊ. स्नायूची दांडी ५ सेंटिमीटर, देहाची १०, आणि उलट हातातील काठीची सुमारे ३०. काठीवर अवघा ६ किलो जोर दिला, तरी तोल साधण्यास स्नायूंना १०० ऐवजी ६४ किलोंचीच ओढ पुरते, आणि सांध्यावरचा भार १५० वरून १०८ वर येतो. काठी त्याच बाजूच्या हातात घेतली, तर हा लांब दांडीचा लाभ हातचा जातो.

हाड फारच गेले असेल तर दुसऱ्या शस्त्रक्रियेत काय करतात, तेही सांगितले पाहिजे. खुबा प्रथम बदलताना रुग्णाचा झिजलेला गोळा कापून काढावाच लागतो. पुष्कळ रुग्णालयांतून तो टाकून न देता, दात्याची संमती घेऊन व रक्ताच्या चाचण्या करून, अतिथंड पेटीत जपून ठेवतात. त्याला हाडपेढी म्हणतात. पुढे कोणा दुसऱ्याची हाडाची पोकळी रिकामी झालेली आढळली, की या गोळ्यांचे बारीक तुकडे करून ते त्या पोकळीत ठोकून ठोकून भरतात, आणि त्यात नवा दांडा सिमेंटाने बसवितात. हॉलंडमधील नाइमेगेन येथे वाटीच्या बाजूला व एक्सेटर येथे मांडीच्या हाडात ही रीत वाढीस लागली. भरलेले तुकडे निर्जीव असतात. परंतु रुग्ण उभा राहून चालू लागला व त्यांच्यावर भार येऊ लागला, म्हणजे भोवतालच्या हाडातून रक्तवाहिन्या त्यांत शिरतात. त्यांच्यामागून हाडे खाणाऱ्या पेशी येतात, त्यांच्यामागून रचणाऱ्या, आणि काही वर्षांत त्या परक्या तुकड्यांपैकी पुष्कळांच्या जागी रुग्णाचे स्वतःचे जिवंत हाड तयार झालेले असते.